पोटात जुळी असतील तर तयारी सातव्यातच: सांगली जिल्ह्यातल्या घरांसाठी

माझ्या जुळ्या मुली चौतीस आठवडे भरले त्या दिवशी मिरजेत जन्मल्या. सासर जत तालुक्यात, माहेर तासगावकडे. घरातला सगळा हिशेब नवव्या महिन्याचा होता. माहेरी कधी न्यायचं, बाळंतविडा कधी शिवायचा, रजा कधी टाकायची, सगळं नवव्यात. प्रत्यक्षात आठव्या महिन्यात एका दुपारी आम्ही कागदपत्रं शोधत होतो, गाडी शोधत होतो आणि दोन बाळांना ठेवून घेणारा दवाखानाही शोधत होतो.

आता पाहुण्यांत कुणाला जुळी आहेत असं कळलं की मला फोन येतो आणि मी दरवेळी तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. पण घरच्यांनी करायच्या गोष्टी कुणी एका जागी सांगत नाही, त्या इथे आहेत. हे एकटीने वाचू नका, नवऱ्याला आणि सासूबाईंनाही वाचायला द्या.

१. महिने सोडा, आठवडे मोजा

"सातवा लागला" आणि "सातवा भरला" यात चार आठवड्यांचा फरक असतो, आणि जुळ्यांत चार आठवडे म्हणजे फार मोठा काळ. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे धरतात, किंवा सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून तारीख दुरुस्त करतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर आठवड्याच्या त्या वाराला आकडा लिहून ठेवा, २६, २७, २८ असा. रात्री दोन वाजता डॉक्टरांनी फोनवर "किती आठवडे झाले?" विचारलं तर घरातल्या कुणालाही उत्तर देता आलं पाहिजे.

एका बाळाचे दिवस साधारण चाळीस आठवड्यांनी भरतात. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त सदतीस आठवड्यांच्या आत जन्मतात, तिळी तर त्याहून आधी. म्हणून जुळ्यांत नववा महिना मिळेल असं धरून चालू नका. मिळाला तर चांगलंच.

२. रिपोर्टमध्ये वार (प्लासेंटा) एक आहे की दोन, ते बघून घ्या

ही माहिती सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच घरी कुणाला ठाऊक नसते. दोन्ही बाळांची वार वेगळी असेल तर रिपोर्टवर डीसीडीए लिहिलेलं असतं. वार एकच पण पाणपिशव्या दोन असतील तर एमसीडीए. वारही एक आणि पिशवीही एक असेल तर एमसीएमए, हा प्रकार दुर्मीळ आणि सगळ्यात जोखमीचा.

हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सगळ्यात स्पष्ट दिसतं, नंतर ओळखणं अवघड होत जातं. म्हणून तो पहिला रिपोर्ट जपून ठेवा. एक वार असेल तर सोळाव्या आठवड्यापासून साधारण दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते, कारण एका वारेतून दोघांना जाणारं रक्त कमीजास्त होऊ शकतं. एकाकडे जास्त जातं, त्याच्याभोवती पाणी वाढतं, दुसरं सुकत जातं. दोन वारी असतील तर साधारण दर चार आठवड्यांनी. दोन्ही बाळांच्या अंदाजे वजनात २० ते २५ टक्क्यांच्या वर फरक आला की डॉक्टर तपासण्या वाढवतात.

बाळंतपण कधी करायचं हेही यावरच ठरतं. सगळं सुरळीत असेल तर दोन वारींच्या जुळ्यांचं सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास, एका वारेच्या जुळ्यांचं छत्तिसाव्याच्या सुमारास आणि एकाच पिशवीतल्या जुळ्यांचं ३२ ते ३४ आठवड्यांत सिझरने करतात. "अजून दिवस भरले नाहीत, एवढी घाई कशाला?" असं घरातलं कुणी म्हणेल. या तारखांच्या पुढे थांबलं तर पोटातच धोका वाढतो, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

सोनोग्राफीला जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधार कार्ड प्रत्येक वेळी लागतं. कायद्याने प्रत्येक सोनोग्राफीचा फॉर्म भरावाच लागतो. आम्ही एकदा कार्ड विसरलो आणि दोन तासांचा प्रवास वाया गेला.

३. बाळंतपण कुठे, हे अठ्ठावीस आठवड्यांच्या आत ठरवा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत प्रेमाची आहे, मीही तेच मनात धरलं होतं. पण जुळ्यांत प्रश्न माहेर की सासर हा नसतो. दोन कमी वजनाच्या बाळांना एकाच वेळी ठेवता येईल असा अतिदक्षता विभाग कुठल्या घरापासून जवळ आहे, हे बघायचं. माहेर तासगावला आणि सासर जतला असेल तर माहेर सोयीचं, कारण तिथून सांगली-मिरज जवळ. उलटं असेल तर मन घट्ट करून सासरी राहा, किंवा शेवटचे काही आठवडे मिरजेत कुणा नातेवाइकाकडे राहा. आई तिथे येऊन राहू शकते. बाळांना ठेवायची काचेची पेटी मात्र घरी आणता येत नाही.

माझ्या वेळी आम्ही आधी तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी दवाखान्यात गेलो. ओळखीचा होता, थोरल्या जाऊबाईंचं बाळंतपण तिथेच झालेलं. तिथे आम्हाला दीड तास बसवून ठेवलं आणि मग सांगितलं की पेटी एकच आहे, तीही भरलेली. बीपी वाढलेलं असताना गेलेला तो दीड तास माझ्या नवऱ्याला आजही आठवतो. चूक आमचीही होती. आम्ही आधी कधी विचारलंच नव्हतं.

तुम्ही मात्र विचारा. फोनवर नको, समोर जाऊन:

- दोन बाळांना एकाच वेळी जागा आहे का? व्हेंटिलेटर आहे का?
- बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ रात्री इथे असतात की बोलवावे लागतात? बोलवायचे तर किती वेळात येतात?
- रक्तपेढी इथेच आहे की बाहेरून रक्त आणायचं?
- बत्तीस आठवड्यांचं बाळ सांभाळता का, की पुढे पाठवता?
- एका बाळाचा दिवसाचा खर्च किती? (दोन बाळांची दोन बिलं होतात, हे मनात धरून ऐका.)

उत्तर देताना समोरचा चाचपडला तर दुसरीकडे बघा. सरकारीत मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही जिल्ह्यातली मोठी ठिकाणं. सातारच्या बाजूला असाल तर साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि कराड. सरकारीत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, आईचं जेवण आणि गाडी मोफत आहे. आजारी बाळाचे उपचारही एक वर्षाचं होईपर्यंत मोफत. खाजगीत जाणार असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना बसतो का आणि नवजात बाळाचा कुठला उपचार त्यात धरतात, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, आधीच विचारा. बाळ पेटीत गेल्यावर धावपळ करत विचारायची ही गोष्ट नाही.

दवाखाना ठरला की एकदा तरी तिथे तपासणीला जाऊन नाव घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी ठिकाणी गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तो दिवस साधता येतो.

४. कागदांची पिशवी

एक कापडी पिशवी, तिची जागा एकच, आणि ती कुठे आहे हे शेजारच्यांनाही माहीत. आमची दाराच्या खुंटीला असायची. तिच्यात:

- माता बाल संरक्षण कार्ड
- सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने, पहिला सगळ्यात वर
- रक्त-लघवीचे रिपोर्ट, विशेषतः रक्तगट, हिमोग्लोबिन, शुगर, एचआयव्ही आणि कावीळ
- दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सगळ्यांच्या झेरॉक्स
- चालू गोळ्यांची चिठ्ठी
- दोन रक्तदात्यांची नावं आणि फोन नंबर
- मोबाईलचा चार्जर, थोडे रोख पैसे
- धुऊन वाळवलेली मऊ सुती फडकी, दोन टोपडी, दोन जोड पायमोजे

रक्तदात्यांचं विशेष सांगते. दोन बाळांनी ताणलेली गर्भपिशवी बाळंतपणानंतर लवकर आवळत नाही, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका जास्त असतो. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आत्ताच डॉक्टरांशी बोला. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमबरोबरही नाही, त्यात अंतर ठेवा. गोळ्यांनी वाढत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, पण त्याला वेळ लागतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो कार्डावर ठळक लिहून घ्या. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यावं लागतं.

५. यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही

माझ्या डोहाळजेवणाला हिरवा चुडा भरला तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सहज सरकत होत्या. तीन आठवड्यांनी त्या मनगटात रुतायला लागल्या. साबण लावूनही एकसुद्धा निघेना. सासूबाई म्हणाल्या, दोन बाळं आहेत, सूज यायचीच. पायाला सूज बहुतेकींना येतेच, म्हणून मलाही ते पटलं. दोन दिवस डोकं दुखत होतं, ते मी उन्हावर ढकललं. आशाताई सहज घरी आल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला, बांगड्यांच्या वर-खाली उठलेले वळ बघितले आणि म्हणाल्या, "चप्पल घाला, आत्ता चला." आरोग्य केंद्रात बीपी १५०/१०० निघालं आणि लघवीत प्रथिनं. सिस्टरांनी तिथेच कातरीने कापडाच्या घडीवर एकेक बांगडी फोडून काढली. सासूबाईंना ते फार लागलं. पण नंतर गावातल्या प्रत्येक पोटुशीच्या बांगड्या त्याच फिरवून बघायला लागल्या.

बीपीची लक्षणं. चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज, न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, उलट्या. बीपी १४०/९० किंवा त्यावर गेलं की दाखवायचंच, १६०/११० ही तातडीची वेळ. पुढे झटके येऊ शकतात. जुळ्यांत हा त्रास एका बाळापेक्षा बऱ्याच जास्त बायकांना होतो. जमलं तर घरी बीपीचं मशीन ठेवा.

कळा. सदतीस आठवड्यांच्या आत पोट पुन्हा पुन्हा दगडासारखं कडक होणं, दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर. कंबर भरून येणं, ओटीपोटात खाली ओढल्यासारखं वाटणं. कळा दरवेळी ओरडायला लावणाऱ्या नसतात. माझ्या चुलत बहिणीला फक्त कंबर दुखत होती, ती रात्रभर शेकत बसली.

पाणी जाणं. एकदम गेलं किंवा थेंब थेंब, दोन्ही सारखंच. वेळ लिहून ठेवा, पाण्याचा रंग बघा, स्वच्छ पॅड लावा, चालत फिरू नका. बाळ आडवं असेल तर पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. अंगातून काही लोंबताना दिसलं किंवा जाणवलं तर हात लावू नका. डाव्या कुशीवर झोपा, कमरेखाली उशी घेऊन कंबर उंच ठेवा आणि १०८ ला फोन करा.

रक्त जाणं. कितीही थोडं असो, दुखत असो वा नसो.

खाज. तळहात आणि तळपायांना, रात्री जास्त, अंगावर पुरळ नसताना. याला उष्णता म्हणून सोडून देतात. यकृताचा त्रास असू शकतो, जुळ्यांत तो जास्त आढळतो आणि बाळांना धोका असतो. रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं.

हालचाल. कुठलं बाळ हललं हे दरवेळी ओळखू येत नाही, ते ठीक आहे. पण रोजची चाल मोडली, एक बाजू गप्प वाटली, तर तडक जा.

याशिवाय पोट दोन-तीन दिवसांत भराभर वाढणं, आडवं झालं की दम लागणं, ताप.

आणि काही समजुती, ज्या मी स्वतः ऐकल्या. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही." हे साफ खोटं आहे. बाळ पोटात जितके दिवस सुखरूप राहील तितकं बरं, आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा नक्कीच बळकट. या समजुतीमुळे घरातले धीर सोडतात आणि दवाखान्यात न्यायला उशीर होतो, म्हणून ती मला सगळ्यात जास्त टोचते. दुसरं, "एरंडेल घे, सुटका होईल." घेऊ नका. तिसरं, "पूर्ण झोपून राहा." नुसतं पडून राहिल्याने लवकर होणारी बाळंतपणं टळतात असं दिसलेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. जड काम, घागरी, लांबचा प्रवास बंद, पण डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर घरात हिंडाफिरायला हरकत नाही. झोपताना कुशीवर झोपा, पाठीवर नको.

६. वाट ठरवून ठेवा

१०८ ही तातडीची रुग्णवाहिका, १०२ ही गरोदर बायका आणि बाळंतिणींसाठी. दोन्ही मोफत. पण वाडीवस्तीवर गाडी पोचायला वेळ लागतो, म्हणून गावातली एक गाडी आणि तिचा ड्रायव्हर सांगून ठेवा, तो नसेल तर दुसरा. फोन केल्यावर वस्तीची खूण नीट सांगता आली पाहिजे.

जतकडून येताना नागज फाट्यापर्यंतचा रस्ता दिवसा आणि रात्री किती वेळ घेतो, हे एकदा जाऊन बघा. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेने असतात, तो वेळ धरा. दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येत असतील आणि तुम्ही कृष्णाकाठी असाल तर पाण्याचा विचार करा. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. २०१९ आणि २०२१ मध्ये आपण बघितलं, रस्ते बघता बघता बंद होतात. पाणी चढायला लागल्याची बातमी आली की आदल्या दिवशीच ठरवलेल्या दवाखान्याच्या बाजूला राहायला जा.

जवळच्या केंद्रात आधी नेलं तर तिथून निघताना चिठ्ठी घ्या. काय दिलं, किती वाजता दिलं, हे त्यावर लिहून घ्या, आणि पुढच्या दवाखान्यात तिथूनच फोन करायला सांगा. बाळं पोटात असताना आईला हलवणं हे जन्मलेली दोन नाजूक बाळं हलवण्यापेक्षा सुरक्षित असतं. म्हणून शंका आली की लवकर निघायचं.

७. पोहोचल्यावर काय काय होतं

हे आधी माहीत असलं की भीती कमी वाटते. पोटावर दोन पट्टे बांधून दोघांचे ठोके वेगवेगळे ऐकतात. चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण होईल असं वाटलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. आपल्या सरकारी रुग्णालयांत ती बहुधा बारा-बारा तासांनी चार असतात. ती बाळांच्या फुप्फुसांसाठी असतात. "स्टेरॉइड नको" म्हणून अडवू नका. तुम्हाला शुगर असेल तर मात्र सांगा, कारण ती दोन-तीन दिवस वाढू शकते. कळा थांबवायचं औषध मिळालं तरी ते या इंजेक्शनांना वेळ मिळावा आणि पुढे हलवता यावं यासाठी असतं, महिनाभर बाळंतपण पुढे ढकलण्यासाठी नाही. बीपी फार असेल तर झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम देतात, अंग एकदम गरम झाल्यासारखं वाटतं. मला तेहतीस आठवडे तीन दिवसांवर दाखल केलं, चारही इंजेक्शनं झाली, आणि चौथ्या दिवशी बीपी ऐकेना म्हणून सिझर.

प्रत्येक जुळ्याचं सिझरच होतं असं नाही. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर नॉर्मलही होतं, फक्त दुसऱ्यासाठी सिझरची तयारी हाताशी लागते. तिळ्यांत बहुतेक सिझर. शेवटच्या सोनोग्राफीत दोघं कसे आहेत ते विचारून घ्या.

८. बाळं पेटीत असताना

थोरली १ किलो ९०० ग्रॅम, धाकटी १ किलो ६००. पहिल्या दिवशी माझं दूध जेमतेम तीन मिली निघालं, सिरिंजच्या तळाशी पिवळट चिकट. मला रडू आलं. सिस्टरांनी ते दोन सिरिंजमध्ये वाटून घेतलं आणि नळीने दोघींना दिलं. ते तीन मिलीसुद्धा टाकून देऊ नका, पहिलं दूध म्हणजे चीक. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढत राहा. बाळं ओढत नसली तरी काढत राहिलं तरच दूध वाढतं. पुढे बोंडल्याने पाजायला शिकवतात. बाटली आणू नका.

डॉक्टरांनी परवानगी दिली की कांगारू पद्धत सुरू करा. बाळ फक्त टोपडं आणि लंगोटावर, उघड्या छातीला छाती, वरून कापड. हे बाबाही करू शकतात, आणि जुळ्यांत त्यांनी करायलाच हवं. माझा नवरा पहिल्या दिवशी श्वास रोखून बसला होता, नंतर वेळ संपली तरी उठायचा नाही.

हातावरच्या पट्ट्यांवर पहिलं-दुसरं लिहिलेलं असतं, ते डिस्चार्ज कार्डाशी जुळवून बघा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, दोघांची वेगवेगळी, जन्मवेळेसह.

९. घरी आल्यावर

आईचं बीपी विसरू नका. बाळंतपणानंतरही, अगदी घरी आल्यावर, झटके येऊ शकतात. डोकं दुखलं, दिसायला अंधूक झालं तर लगेच परत जा. पॅड तासाभरात पूर्ण भिजत असेल तरीही.

दुसरी गोष्ट डोळे. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचा असतो, फारच लहान बाळांचा त्याहून आधी. बाळ दिसायला छान असतं, वजन वाढत असतं, आणि घरचे सव्वा महिन्याच्या आत बाहेर काढायचं नाही म्हणतात. तेवढ्यात ती तारीख निघून जाते. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते, वेळेत कळलं तर उपचार आहे. डिस्चार्ज घेताना डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासणीची तारीख आणि जागा कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

आमची तारीख सव्विसाव्या दिवशीची होती. दोघींना एकाच शालीत गुंडाळून पुन्हा मिरजेला नेलं, आत्याबाईंनी वाटेत दोनदा गाडी थांबवून पाजायला लावलं. धाकटीला आठवड्याने पुन्हा बोलावलं, तेव्हाही गेलो.